काच उलटी हवी

पितळी नळाला चकचकीत मुलामा दिला की त्याचा फोटो काढणं कठीण. नळात सगळं दिसतं. खिडकी दिसते, दिवा दिसतो, फोटो काढणारी बाई दिसते, आणि तिचं नाक असेल त्याच्या चौपट दिसतं.

*

वाचनालयाच्या दारावरचा कागद: "नव्या वाचनकक्षाच्या भिंतीसाठी वाचकांची छायाचित्रे हवी आहेत. वाचकांनी कॅमेऱ्याकडे पाहू नये."

*

कुणाकडेही गेलं की अण्णा आधी यजमानांच्या नाकावरचा चष्मा मागून घेतात, पुसून परत करतात, आणि मग विचारतात, "काय, कसे आहात?"

*

बुरशीला काच आवडते. कपाटात कोंडलेल्या लेन्सच्या आत ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. उन्हाला मात्र टरकते.

*

तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारावरची पाटी: "जुन्या लेन्स मिळतील. फोन करून या. कॅमेरा घेऊन या. घाईत असाल तर येऊ नका."

*

पोहायला शिकवणाऱ्या माणसाचा टॉवेल कधीच पुरता वाळत नाही.

*

तर या सगळ्याची गाठ पडली होती एकाच घरात. घरात माणसं तीन. सून नळ बनवणाऱ्या कारखान्यात कॅटलॉगसाठी फोटो काढायची. तिचा नवरा पोहायला शिकवायचा, म्हणून तो टॉवेल. आणि सासरे, म्हणजे अण्णा, यांनी उभा जन्म चष्म्याच्या दुकानात काढला होता. दुकान त्यांनी आता दुसऱ्याला चालवायला दिलं होतं, पण हत्यारांची पत्र्याची पेटी कुणाला दिली नव्हती. घरात कुठे काचेवर बोटाचा ठसा दिसला की अण्णांचा जीव कासावीस व्हायचा. आरसा, घड्याळ, फ्रीजमधला दिवा, त्यांच्या फडक्यातून काही म्हणता काही सुटायचं नाही.

सुनेचं काम चोख होतं. पांढऱ्या कागदावर नळ, नळावर उजेड, उजेडाला केसभर सावली. काळ्या कापडाला भोक पाडून ती त्यामागून फोटो काढायची, म्हणजे नळात नाक उतरत नसे. साहेब खूश होते. कारखान्यात सगळे तिला 'नळवाली' म्हणायचे, आणि तीही त्या हाकेला ओ द्यायची. तिच्याजवळ स्वतःचा नवा मिररलेस कॅमेरा होता. त्याची लेन्स इतकी धारदार, की नळाच्या आट्यांत अडकलेला धुळीचा कणसुद्धा ओळख द्यायचा. पण त्याच लेन्समधून माणसाचा फोटो काढला की माणूसही नळासारखाच यायचा. लख्ख, गुळगुळीत, आणि आत पाणी नाही.

वाचनालयाचा कागद वाचून ती असे काही फोटो घेऊन गेली होती. ग्रंथपाल म्हणजे जाड भिंगांचा चष्मा लावणारे, दोन वाक्यांच्या मध्ये भरपूर जागा सोडणारे गृहस्थ. त्यांनी फोटो एकेक करून पाहिले. शेवटचा फार वेळ पाहिला. तिला वाटलं, जमलं.

"यात मागच्या कपाटातल्या पुस्तकांची नावं वाचता येतात," ते म्हणाले. "मी तीच वाचत बसलो."

"मग ते चांगलं नाही का?"

"कपाटाचा फोटो असता तर चांगलं होतं." मग भरपूर जागा. "वाचणाऱ्या माणसाला मागचं कपाट दिसत नसतं हो. मुदत आहे अजून. बघा काही सुचतंय का."

ती जिना उतरली तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं, की हे काम आपल्याला किती हवं आहे. नळ सोडून दुसऱ्या कशाचा तरी फोटो कुठल्या तरी भिंतीवर लागावा, एवढंच. कॅटलॉग लोक बघतात आणि नळ विकत घेतात. भिंतीपुढे माणूस उभा राहतो.

*

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या पाटीमागच्या मावशी म्हणजे कुणाच्याच मावशी नव्हेत, पण लेन्स घ्यायला येणारे सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेणकापड, त्यावर पांढरं फडकं, आणि फडक्यावर जुन्या लेन्स, धुऊन पालथ्या घातलेल्या वाट्यांसारख्या ओळीने मांडलेल्या. काही काळ्या, काही चंदेरी, काहींच्या कडा ठेचलेल्या. त्यातली एक बुटकी काळी लेन्स मावशींनी उचलून सुनेच्या हातात ठेवली.

"फिरवून बघ."

फोकसची कडी फिरवली तशी ती लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. ना कुठे अडकली, ना कुठे सैल सुटली.

"माझ्या कॅमेऱ्याला चालेल?"

"आजकालच्या कॅमेऱ्यांचं बरं असतं. पोट बारीक. मध्ये अडॅप्टरची कडी लावली की पणजीच्या वयाची लेन्ससुद्धा बसते. फक्त ती आपण होऊन काही करणार नाही. फोकस तू करायचा, उजेडाचं भोक लहानमोठं तू करायचं. ती नुसती बघणार."

"आणि पसंत पडली तर?"

"पसंत तुला नाही पडायची. मला पडायची. माझी एक पद्धत आहे. मी तिकडे दारात उभी राहते. या लेन्समधून माझा एक फोटो काढ. मला आवडला तर लेन्स तुझी. नाही आवडला तर चहा घे आणि सुखाने घरी जा."

"आणि मला नाही आवडला तर?"

"तुला विचारतंय कोण?"

मावशी दारात उभ्या राहिल्या. सुनेने कॅमेरा डोळ्याला लावला. आतल्या छोट्या पडद्यावर आधी सगळंच धुकं. तिने कडी हळूहळू फिरवली. जिथे फोकस जुळतो तिथल्या कडा तो कॅमेरा लाल रंगाने चमकवून दाखवायचा. ती लाली मावशींच्या खांद्यावरून चढली, कानाशी घुटमळली, आणि पापण्यांवर येऊन बसली. चेहरा नितळ झाला. आणि चेहऱ्याच्या भोवती दाराची चौकट, मांडणीवरच्या बरण्या, खिडकीचा उजेड, सगळं गोल फिरत विरघळत गेलं होतं, कुणी पळीने ढवळल्यासारखं.

मावशींनी चष्मा कपाळावर चढवून फोटो पाहिला.

"मी इतकी शांत कधीपासून दिसायला लागले?"

"आत्तापासून."

"घेऊन जा. आणि हा छापून आणून दे मला."

भाव ठरला, चहा झाला, आणि फोटो छापून मावशींच्या फ्रीजवर चिकटला.

*

त्यानंतरचे फोटो:

प्लंबर, मांडीवर पाना, हातात समुद्रसफरीचं पुस्तक. त्याच्या मागची खिडकी भोवऱ्यासारखी.

दोघी बहिणी, एकच पुस्तक. धाकटीचं पान वाचून झालंय, थोरलीचं नाही. धाकटीचा चेहरा.

बाकावर उलटी लोंबकळून वाचणारी मुलगी. तिच्या वेण्या जमिनीवर.

पुस्तक छातीवर ठेवून झोपलेले एक गृहस्थ. (यावर ग्रंथपाल: "हेही त्यातच धरू.")

आणि आणखी कितीतरी. ग्रंथपालांनी ते सगळे टेबलावर पसरले, टेबलाभोवती एक चक्कर मारली, आणि म्हणाले, "आता कपाट दिसत नाही." त्यांच्या तोंडून हे म्हणजे हारतुरेच.

फक्त एक जागा उरली होती. बसची एक ड्रायव्हर बाई होती. वाचनालयाच्या कोपऱ्यावर बस थांबली की तेवढ्या सुट्टीत ती आत येऊन वाचायची. ग्रंथपालांना भिंतीच्या मधोमध तीच हवी होती. पुढच्या आठवड्यापासून तिचा मार्ग बदलणार होता, म्हणजे शुक्रवारची दुपार शेवटची. शनिवारी सगळे फोटो भिंतीसाठी मोठे छापायला जायचे होते. आणि ग्रंथपालांनी बजावून ठेवलं होतं, "भिंत एका नजरेची हवी. मधलाच फोटो वेगळा दिसला तर मी भिंत रिकामी ठेवीन, पण ठिगळ लावणार नाही."

"नाही दिसणार," सून म्हणाली होती.

*

गुरुवारी ती कारखान्यातून घरी आली तर जेवणाच्या टेबलावर नवऱ्याचा त्यातल्या त्यात वाळलेला टॉवेल अंथरलेला, टॉवेलच्या मधोमध लेन्स, लेन्सशेजारी बेसिनचं रबरी बूच, आणि टेबलामागे हात पाठीशी बांधून अण्णा. चेहरा असा, की वर्गात पहिला नंबर आलाय पण आपण होऊन कसं सांगायचं.

"सूनबाई, आधी बस."

"काय झालं?"

"तुला फसवलंय."

"कुणी?"

"त्या लेन्सवाल्या बाईने. सकाळी सहज उजेडात धरून पाहिली, म्हटलं जरा पुसून ठेवावी. तर माझ्या डोळ्याला काहीतरी खटकलं. पुढची कडी घट्ट होती, बेसिनचं बूच दाबून फिरवली, आली निघून. आणि बघतो तर काय? पुढची काच उलटी! फुगीर बाजू बाहेर हवी, ती आत. म्हणजे माणसाने सदरा मागची बाजू पुढे करून घातला आणि गावभर हिंडला, त्यातली गत."

"मग?"

"आणि उलटी बसवल्यामुळे ती खुळखुळत असणार, म्हणून आत काय कोंबलं होतं माहितीये? कागदाची चकती! लेन्समध्ये कागद! मी दुकानात कुणाला असं करताना पाहिलं असतं तर दुकानातून बाहेर काढलं असतं."

"मग तुम्ही काय केलंत, अण्णा?"

"काय करणार? काच सुलटी केली. चकती फेकली. आतून-बाहेरून पुसली. आता बघ."

तिने लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि समोर नवरा होता त्याच्याकडे रोखली. नवऱ्याच्या केसांतला पाण्याचा थेंब न् थेंब दिसला. मागच्या दोरीवरचा चिमटा न् चिमटा दिसला. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा दिसल्या. कुठे काही फिरत नव्हतं, विरघळत नव्हतं. घर इतकं स्पष्ट तिने आजवर पाहिलं नव्हतं.

"छान आलोय की मी," नवरा पडद्यात डोकावून म्हणाला.

"तू गप रे."

अण्णा वाट बघत होते. "खूप स्वच्छ झालीय," ती म्हणाली, आणि न्हाणीघरात जाऊन तिने कडी लावली. नळ सोडला. नळ तिच्याच कारखान्यातला, कॅटलॉगचं दुसरं पान.

बाहेरून नवऱ्याने दार वाजवलं. "रडतेयस की हसतेयस?"

"ठरवतेय."

"अण्णांना सांगू का?"

"तू काही सांगू नकोस. तू सांगितलंस तर ते बिचारे जेवणार नाहीत. मी सांगते."

बाहेर येऊन तिने सांगितलं. फोटो दाखवले, प्लंबरचा, बहिणींचा, वेण्यांचा. ग्रंथपाल काय म्हणाले ते सांगितलं. अण्णांनी प्रत्येक फोटो हाताच्या अंतरावर धरून पाहिला, मग नाकाजवळ आणून पाहिला.

"पण हे सगळे कडेने गेलेले आहेत," ते म्हणाले.

"म्हणूनच घेतले त्यांनी."

"म्हणजे तुला काच उलटी हवी?"

"हो."

"परत?"

"हो, अण्णा. उद्या दुपारच्या आत."

"अगं, नंबर चुकलेला चष्मा कुणी आपणहून मागतं का? उभ्या जन्मात मी कुणाच्या डोळ्याला चुकीची काच लावली नाही."

"माझ्या डोळ्याला कुठे लावताय? कॅमेऱ्याच्या लावा."

"डोळा तो डोळाच."

पण त्यांनी बूच उचललं. आता ते पाठीमागे हात बांधून उभे नव्हते, नुसते खांदे पाडून बसले होते, आणि ते बघून सुनेला आपल्या फोटोंपेक्षा त्यांचंच जास्त वाईट वाटलं. काच उलटी झाली. तिने कॅमेरा डोळ्याला लावला. समोर दूध सांडल्यासारखं पांढरट. चेहराही पांढरट, कडाही पांढरट. लाल चमक कुठेच बसेना, गांधीलमाशीसारखी नुसती भिरभिरत राहिली.

"चकती," सून म्हणाली. "त्या कागदामुळे काच थोडी पुढे राहत असणार. ती कुठे फेकलीत?"

कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती.

*

शुक्रवारी सुनेने अर्धी रजा टाकली आणि मावशींना फोन केला. अण्णा म्हणाले, "मीही येतो. त्या बाईंना दोन शब्द सुनवायचे आहेत." पेटी बगलेत मारून ते निघाले.

मावशींनी दार उघडलं. अण्णांनी आधी त्यांचा चष्मा मागितला, पुसून दिला, आणि मग दोन शब्द सुनवायला सुरुवात केली.

"ही लेन्स तुम्ही उघडली होती?"

"उघडली होती. आत बुरशी होती. पुसली, उन्हात ठेवली."

"आणि पुढची काच उलटी बसवलीत."

"मी?"

"मग काय मी?"

"शक्यच नाही. इतकी वर्षं लेन्स उघडतेय मी."

"बसवल्यावर खुळखुळत नव्हती?"

मावशी थांबल्या. त्यांनी लेन्सकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "खुळखुळत होती," त्या म्हणाल्या. "म्हणून तर कागद घातला."

"तेव्हा शंका नाही आली?"

"आली ना. वाटलं, जुनी आहे, या वयात खुळखुळायचंच. तुमचं काही खुळखुळत नाही का?"

सुनेला हसू फुटलं. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याही मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते आवरलं.

"आणि तुम्ही ती सरळ केलीत?" आता मावशींची पाळी होती. "न विचारता? हिचा एवढा एकच फोटो व्हायचा राहिला असताना?"

"मला काय माहीत होतं."

"मलाही माहीत नव्हतं. म्हणजे मी चुकले ते कामाला आलं, आणि तुम्ही—"

"ते राहू द्या. कागद कुठला होता ते सांगा."

"तो कसा आठवेल? हाताला लागला तो कापला."

"हाताला काय काय लागतं इथे?"

मावशींनी टेबलाचा खण ओढला. लिफाफे. चहाच्या पुड्याचं वेष्टन. कॅलेंडरची फाडलेली पानं. टोस्टच्या पाकिटाचा चकचकीत कागद. कुणाकुणाची व्हिजिटिंग कार्डं. वर्तमानपत्र. अण्णांनी सगळं मेणकापडावर मांडलं, बोटाच्या चिमटीत धरून एकेकाची जाडी पाहिली, आणि पेटीतून छोटी कात्री काढली. मग त्यांनी एक खुर्ची टेबलाला लावली, तिच्यापुढे मावशींच्या पीठ-साखरेच्या डब्यांवर कॅमेरा ठेवला, आणि फ्रीजवरचा फोटो काढून कॅमेऱ्याशेजारी उभा केला.

"तुम्ही दारात उभ्या राहा. फोटोत आहात तिथेच. सूनबाई, तू इथे बस. हनुवटी वर."

"हनुवटी कशाला?"

"सवय आहे मला. तशीच राहू दे."

*

"वर्तमानपत्र. बघ. आता चहाचा पुडा. हे बरं, की आधीचं?"

"आधीचं."

"आधीचं जास्त धूसर आहे."

"पण मध्ये चेहरा होता."

"बरं. कॅलेंडर. हे बरं, की मघाचं?"

"मघाचं. नाही, हे. नाही… परत दाखवा."

"इथवर आलं की सगळेच असं म्हणतात. घाई नको. डोळे मीट. उघड. हे? की हे?"

"दुसरं. दुसऱ्यात मागच्या बरण्या हलायला लागल्यात."

"बरण्या हलू नयेत यासाठी लोक माझ्याकडे येत असत."

"मी अजून किती वेळ उभी राहू?" दारातून मावशी. "चहा उतू जाईल माझा."

"मान डावीकडे. फोटोत डावीकडे आहे."

"फोटोत मी तरुण दिसतेय, तेही करू का?"

"आता व्हिजिटिंग कार्ड."

"अगं बाई! अण्णा, काढा, काढा. मावशींचं नाकच फिरायला लागलं."

"बघू, बघू मला!"

"तुम्ही जागेवरून हलू नका!"

"जाड झालं. नंबर उतरवू. लिफाफा, एकेरी. हे बरं की कॅलेंडर बरं?"

"दोन्हीच्या मधलं काहीतरी."

"मधलं." अण्णा थांबले. लिफाफ्याच्या कागदाला त्यांनी चहाच्या पुड्याचं पातळ अस्तर जोडलं, कात्रीने गोल कापलं, मधे भोक पाडलं, फुंकर मारली, चकती बसवली, काच उलटी ठेवली, वरून कडी. "हे?"

लाल चमक मावशींच्या पापण्यांवर येऊन बसली होती आणि तिथून हलायला तयार नव्हती. चेहरा नितळ. बरण्या, चौकट, खिडकी, सगळं पळीने ढवळल्यासारखं. तिने शेजारच्या फोटोकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, परत फोटोकडे.

"थोडं जास्तच फिरतंय," ती म्हणाली. "अगदी थोडं."

"अजून कापू?"

घड्याळाकडे तिघांनीही पाहिलं. बस कोपऱ्यावर यायची वेळ होत आली होती.

"पाव नंबरचा फरक राहिला," अण्णा म्हणाले. "पाव नंबराने आजवर कुणी आंधळं झालेलं नाही. चल."

लेन्स कॅमेऱ्यावरून न काढता त्यांनी ती एकदा उजेडात पाहिली. काचेच्या कडेला त्यांच्याच अंगठ्याचा अर्धा ठसा होता. हात खिशातल्या फडक्याकडे गेला. तिथे थोडा वेळ थांबला.

"पुसू?"

"आता कशालाच हात लावू नका," मावशी आणि सून एकदमच म्हणाल्या.

*

ड्रायव्हर बाई खिडकीजवळच्या शेवटच्या टेबलाशी बसली होती. टोपी टेबलावर, टोपीत किल्ल्या. हातात जाडजूड कादंबरी, उजव्या हाताला जेमतेम चार पानं उरलेली. ग्रंथपालांनी दुरून बोटाने खूण केली, अण्णा कपाटाआड उभे राहिले, आणि सून दबक्या पावलांनी समोर जाऊन वाकली.

तिला कॅमेऱ्याकडे बघू नका असं सांगावंच लागलं नाही. बाईचे ओठ वाचता वाचता हलत होते. मधेच एक भुवई वर गेली आणि तिथेच राहिली. पुस्तकात कुणी तरी काहीतरी नको ते केलं असावं. सुनेने कडी फिरवली. लाल चमक कॉलरवर, हनुवटीवर, गालावर. अजून थोडं. पापण्या. तिने श्वास रोखला. बाईने पान उलटलं आणि त्या पानाबरोबर किंचित पुढे झुकली, फोकस गेला, सुनेने कडी एका केसाने मागे घेतली, तो परत आला, आणि तिने बटण दाबलं. मग परत. मग परत.

बाहेर दुसऱ्या बसचा हॉर्न वाजला. बाईने शेवटचं पान वाचलं, पुस्तक मिटलं, हातानेच त्याच्या पाठीवर एक थाप मारली, टोपी घातली आणि निघून गेली. फोटो काढला गेलाय याचा तिला पत्ताही नव्हता.

अण्णा कपाटाआडून आले. सुनेने कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. ते कितीतरी वेळ बघत राहिले. पडदा नाकाजवळ नेला, दूर नेला.

"धूसर आहे," ते म्हणाले.

"हो."

"कडा गेलेल्या आहेत."

"हो, अण्णा."

"बाई मात्र वाचतेय." आणि थोड्या वेळाने, "संपत आलंय म्हणून हळूहळू वाचतेय."

*

भिंत सजली तेव्हा कक्षात रंगाचा वास होता आणि खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक निघालेलं नव्हतं. ग्रंथपाल भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, आणि मधल्या फोटोपुढे थांबले. सुनेने नवऱ्याचा ओलसर हात घट्ट धरला. अण्णा मावशींचा चष्मा पुसत होते, ते पुसायचे थांबले.

ग्रंथपालांनी मान तिरकी केली. "हिच्यामागचं जग बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वेगात फिरतंय, नाही का?"

उत्तर अण्णांनी दिलं.

"बस चालवते ना ती."

ग्रंथपालांनी अण्णांकडे पाहिलं. मग फोटोकडे पाहिलं. नेहमीपेक्षाही जास्त जागा सोडून ते म्हणाले, "मग बरोबर आहे," आणि खिशातून पेन्सिल काढून फोटोखालच्या चिठ्ठीवर त्यांनी फोटो काढणारीचं नाव लिहायला घेतलं. सुनेने ते सांगितलं, आणि त्यांनी ते सरळ लिहिलं.

"एक विचारू?" मावशींनी अण्णांना कोपराने ढोसलं. "माझ्याकडे आणखी दोन लेन्स खुळखुळतायत. येता का उद्या?"

"सरळ करायला की उलट्या?"

"ते आल्यावर ठरवू. चहा आहे."

"हिलाही बोलवा," अण्णा सुनेकडे बोट दाखवत म्हणाले. "निवडायला पेशंट लागतो."

*

ज्या दिवशी सुनेने ती लेन्स विकत घेतली, त्या दिवशी ती खरं तर मावशींकडे नुसता कॅमेऱ्याचा पट्टा घ्यायला गेली होती. तो घ्यायचा राहूनच गेला.